दोन पोती

गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत सगळं खोलून क्लिफर्डनं ती दोन सीटची जुनी स्पोर्ट्‌स कार हिवाळाभर पुन्हा जोडली. उन्हाळ्यात बायकोला, नोरीनला, तिच्यातून वेल्सच्या समुद्रावर न्यायचं होतं.

मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट सीटवर माणसांचं वजन असतानाच आवळायचे असतात. पण नोरीनला आता जिना उतरवत नव्हता. म्हणून त्यानं एका सीटवर आपल्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवलं, दुसऱ्यावर तिच्या. दर सोमवारी नर्स तिचं वजन करून गेली की तो तिच्या पोत्यातली वाळू घटलेल्या वजनाइतकी काढायचा आणि बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचा.

“क्लिफ, आज किती बारीक केलंस मला?” वरच्या खिडकीतून नोरीन विचारायची.

“दोनच किलो. पण खड्ड्यात दणका बसू देणार नाही तुला.”

“समुद्र येईपर्यंत पोतं पुरेल ना रे?”

“गप पड गं.”


मे महिन्यात क्लिफर्डनं तिचं पोतं गुलाबाच्या वाफ्यात रिकामं केलं आणि उरलेल्या एका पोत्यावर बोल्ट शेवटचे आवळले.