माडाच्या मध्यावर

बिडी सोडून लवूला पाच महिने झाले होते. तोंड रिकामं राहिलं की जीव कासावीस व्हायचा, म्हणून बायको त्याच्या खिशात रोज शेंगदाणे आणि गूळ भरून द्यायची. त्याचा खोकला गेला, अंग भरलं, पोट सुटलं. तिला बरंच वाटलं.

पावसाळा संपल्यावर आज तो पहिल्यांदाच नारळ पाडायला माडावर चढला. निम्म्यावर पोचताच हात थरथरू लागले. एवढं वजन पेलायची त्यांना सवयच नव्हती. वर जाववेना, खाली उतरवेना.

"काय हो, झोपलात की काय?" नारळ गोळा करायला आलेली बायको बुंध्याशी हसत होती.

त्याची बोटं एकेक करून सैल होत होती.

"शेवंते, बाजूला हो."

"का?"

"आधी बाजूला हो!"