विकायला न काढलेला ट्रम्पेट

"हिरवळीवर मांडलं म्हणजे ते विकायचंच असतं. सगळ्या गावाची रीत आहे," व्हर्नन म्हणाला आणि टेबलावरच्या ट्रम्पेटवर त्याने बोट ठेवलं.

शेजारीण ऑर्फाने नकारार्थी मान हलवली. तिने अंगणात विकायला मांडलेल्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली होती. ट्रम्पेटवर नव्हती.

व्हर्ननला तो हवाच होता. ऑर्फाचा नवरा एमेट आजारी पडला आणि रात्री दुखणं वाढलं की ओसरीत बसून हा ट्रम्पेट वाजवू लागला. व्हर्ननने आधी खिडक्या लावून घेतल्या. मग आपला पलंग घराच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. शेवटी पोलिसांत तक्रार केली. रात्री नऊनंतर वाजवायचं नाही, अशी ताकीद आली. दुखणं काही नऊ वाजता थांबत नव्हतं, पण ओसरी गप्प झाली. त्याच हिवाळ्यात एमेट गेला.

तेव्हापासून ऑर्फा त्याच्याशी बोलत नव्हती. कुंपणापलीकडून बघायची फक्त. ते बघणं त्याच्या पाठीत रुतायचं.

आता ती घर रिकामं करत होती. एकटी बाई, जाणार लेकीकडे, ॲरिझोनाला. हे व्हर्ननने स्वतःच ठरवलं आणि गावभर सांगितलंही. आज तो स्वतःच्या घरची कॉफी हातात घेऊन गिऱ्हाइकांत पाहुण्यासारखा हिंडत होता. एमेटची डुलती खुर्ची त्याने घासाघीस करून घेतली. कुत्र्याला बसायला बरी, असं ऑर्फाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. ट्रम्पेट गॅरेजच्या दारावर रुंद तोंड वर करून टांगायचा आणि त्यात फुलझाडं लावायची, हेही त्याचं ठरलेलं होतं.

दुपारी टेबलं रिकामी झाली.

"सामानाचा ट्रक कधी येतोय?" त्याने विचारलं.

"बोलावलाच नाही. उरलंय ते हातगाडीवर जाईल."

तिने ट्रम्पेट काखेत मारला आणि रस्त्याला लागली. व्हर्ननच्या फाटकावरून पुढे गेली. त्याच्या पलीकडच्या पिवळ्या घराला वसंतात 'विकले' अशी पाटी लागली होती. घेणारा कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑर्फाने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि ओसरीच्या पायरीवर बसली. समोर हातभर अंतरावर व्हर्ननच्या झोपायच्या खोलीची खिडकी होती.

तिने ट्रम्पेट ओठांना लावला. रेडकाने हंबरडा फोडावा तसा आवाज निघाला.

"मी अजून शिकतेय," मागोमाग आलेल्या व्हर्ननला ती म्हणाली. "आणि घाबरू नकोस, नियम मोडायची नाही. चौकीत विचारून आले. सकाळी सातपासून चालतं."