पावणेसातचा दिवा

"काका, प्रिंटर ठणठणीत आहे, कॉम्प्युटरही ठणठणीत आहे. दोघांत अबोला आहे, एवढंच," टेबलाखाली आडवा झालेला नेटवाला म्हणाला.

नानांना हसू आलं नाही. त्यांना आजच्या आज सहा पानं छापून हवी होती. घर विकण्याचा करारनामा होता तो. उद्या सकाळी दहाला घर घेणारे येणार होते, सह्या व्हायच्या होत्या, आणि महिनाअखेर नाना दोन पेट्या घेऊन वृद्धाश्रमात जाणार होते. खोल्या चार आणि माणूस एक. दिवसभरात निदान स्वतःचा आवाज कानावर पडावा म्हणून ते रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायचे. आता त्याचाही कंटाळा आला होता.

नेटवाला चाळिशीतला, पोट सुटलेला, बोलघेवडा. रविवारी यायला कां कू करत होता, पण नानांनी तीनदा फोन करून त्याला आणलाच. तो धूळ झटकत उठला आणि त्यानं कपाटावरच्या दोन राउटरकडे बोट दाखवलं. एक काळा, जुना. दुसरा पांढरा, कंपनीनं गेल्या वर्षी बसवलेला.

"तुमच्या कॉम्प्युटरची वायर गेलीय काळ्यात. प्रिंटर बिनवायरचा, तो जोडलाय पांढऱ्याला. दोन्ही डबे आपापला वेगळा संसार थाटून बसलेत. याला त्याचा पत्ता नाही. हा काळा ठेवलात कशाला?"

"चालतोय की! चालती वस्तू काढायची कशाला?"

खरं कारण निराळं होतं. तो डबा बंड्यानं बसवला होता. बंड्या म्हणजे नानांचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं छत्तीस. आई गेली त्या दिवशी तो कामाच्या नादात दोन तास उशिरा पोचला. नानांनी त्याला दारातच, चारचौघांसमोर सुनावलं, "मी मेलो तरी या घराचा उंबरा चढू नकोस." पोरगंही बापाच्याच वळणावर गेलेलं. नाही चढलं. तीन वर्षं झाली, फोन नाही की चिठ्ठी नाही. नानांना रोज वाटायचं, आपण जीभ आवरायला हवी होती. पण सुटलेला शब्द मागे कसा घ्यायचा, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"काळा काढून टाकतो. वायर थेट पांढऱ्यात. पाच मिनिटांचं काम," नेटवाला म्हणाला. "पण आधी बघून घेतो, काळ्यावर आणखी कोण बसलंय. नाहीतर उद्या तुमचा टीव्ही बंद पडायचा आणि तुम्ही माझ्या नावानं खडे फोडायचे."

त्यानं स्क्रीनवर यादी उघडली.

"एक तुमचा कॉम्प्युटर, वायरवर. आणि एक फोन आहे, बिनवायरचा. बंड्या म्हणून कुणी आहे का?"

नाना खुर्चीत सावरून बसले. "जुनं काहीतरी राहिलं असेल."

"जुनं कुठलं? गेल्या रविवारी सहा वीसला जोडला गेलाय, सहा सत्तेचाळीसला सुटलाय. त्याच्या आधीच्या रविवारी सहा पंचवीस ते सहा अठ्ठेचाळीस. त्याच्याही आधी..." तो यादी खाली सरकवत राहिला. "अहो, दर रविवारी आहे की हा! एकदा पासवर्ड घातला की फोन आपोआप जोडला जातो. पण या डब्याची धाव फार तर समोरच्या बसथांब्यापर्यंत. म्हणजे इथंच येऊन थांबत असणार."

सहा सत्तेचाळीस. सहा अठ्ठेचाळीस. नाना आकड्यांकडे बघत बसले. बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि घरातलं वेळापत्रकही त्यांनी कधी चुकू दिलं नव्हतं. रोज पावणेसातच्या ठोक्याला ते याच खोलीतला, रस्त्याकडच्या खिडकीतला दिवा लावायचे. शेजारी त्या दिव्यावर घड्याळं लावायचे. दिवा लागला की दोन-तीन मिनिटांत फोन सुटायचा. म्हणजे पोरगं थांब्यावर बसून एवढंच बघत होतं की म्हातारा आहे ना. आहे म्हटलं की उठून जात होतं.



तेवढ्यात बंड्याच्या नावाची ओळ हिरवी झाली. "हे बघा, आला!" नेटवाला म्हणाला. घड्याळात साडेसहा झाले होते.

नाना दारापाशी गेले. कडी काढली. पण पुढं काय म्हणायचं, ते सुचेना. ये म्हणायचं की चुकलो म्हणायचं? हात दारावर तसाच राहिला आणि मग ते खाली मान घालून परत येऊन बसले. थंडीचे दिवस होते. खोलीत भराभर अंधारून आलं.

पावणेसात वाजले. नाना सवयीनं उठले आणि त्यांनी बटणावर बोट ठेवलं. क्षणभर तसंच ठेवलं. मग हात मागे घेतला.

"काका, दिवा लावू का? काही दिसत नाहीये," नेटवाला म्हणाला.

"नको. बटणाला हात लावू नकोस. ती स्क्रीनही मालव."

"आणि तुमची पानं?"

नानांनी हातानंच राहू दे म्हणून खुणावलं. नेटवाल्यानं स्क्रीन मालवली. सहा पन्नास झाले. सहा पंचावन्न झाले. घड्याळाच्या टिकटिकीशिवाय घरात आवाज नव्हता.

मग फाटक करकरलं. अंगणातून कुणीतरी धावत आलं, पायऱ्यांवर ठेचकाळलं. दार धाडकन उघडलं.

उंबऱ्याच्या आत उभा राहून बंड्या धापा टाकत म्हणाला, "बाबा... दिवा का नाही लावला?"