मृण्मयीच्या भुवया

तारुण्याचं इंजेक्शन घेतल्यापासून मृण्मयी पंचविशीची दिसत होती आणि हे रूप पुढची वीस वर्षं टिकणार होतं. बँकेच्या काउंटरवर आता सुरकुतलेला चेहरा चालत नसे, म्हणून पन्नाशीत तिनेही ते घेतलं.

घरी मात्र तिला चैन पडेना. आई जन्मापासून बहिरी. दोघींचं बोलणं हातांच्या खुणांनी चाले, आणि भुवया उंचावल्या की त्याच खुणेचा प्रश्न होई. इंजेक्शनने ताठरलेल्या मृण्मयीच्या भुवया आता हलतच नव्हत्या. तिच्या प्रश्नांना आई नुसती मान डोलवायची.

दुपारी आई छाती चोळत बसलेली दिसली. मृण्मयीने घाईने खूण केली, "दुखतंय?"

आई धडपडत उठली. "तुला दुखतंय? कुठे?"

मृण्मयीने पुन्हा खूण केली. चेहरा मात्र तसाच शांत. आई तिचंच कपाळ चाचपू लागली. शेवटी मृण्मयीने एका हाताने स्वतःची भुवई वर ओढून धरली आणि दुसऱ्या हाताने आईच्या छातीकडे बोट केलं.

आईने तिच्या कपाळावरून हात काढला. मग तिचे हात सावकाश हलले. "परवापासून. तू विचारशील म्हणून थांबले होते."

भुवई तशीच धरून मृण्मयीने डॉक्टरांना फोन लावला.