संबंधित विभाग

"आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे." उत्तर ठरलेलं होतं. तिने ते पाठवलं आणि चहाचा कप उचलला. संबंधित विभाग म्हणजे तीच होती. त्या खोलीत दुसरी खुर्चीसुद्धा नव्हती.

तक्रार परदेशातल्या एका ट्रकवाल्याची होती. दर आठवड्याला यायची. कंपनीच्या ऑनलाइन खेळातल्या बर्फाच्या गावात तळ्यावर एक पूल होता. गेल्या अपडेटमध्ये तो असा बिघडला की पाय ठेवला की खेळाडू आरपार खाली, आणि पुन्हा आपल्याच काठावर. ट्रकवाल्याची मुलगी आईबरोबर दुसऱ्या देशात राहायची. बापलेकीची भेट व्हायची ती या खेळातच. रविवारी दोघं तळ्यावर मासे धरत बसायची. आता ती पलीकडे आणि हा अलीकडे. "ती तिकडून हात हलवते, मी इकडून हलवतो," त्याने लिहिलं होतं. "घाई नाही. पण बघा जमलं तर."

जमण्याचा प्रश्नच नव्हता. दुरुस्ती तिने पहिल्याच आठवड्यात करून ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत संपलं होतं ते काम. फक्त खेळात चढवली नव्हती, आणि चढवणारही नव्हती.

कारण गोडबोल्या. साहेबांना हे नाव ऑफिसनेच दिलं होतं. खेळ मूळचा जपानसाठी केलेला, आणि जपानबाहेरच्या देशांसाठी त्याची वेगळी परदेशी आवृत्ती. जपानी आवृत्तीतले सगळे राक्षस तिच्या हातचे, म्हणून तिला लोक कौतुकाने राक्षसीणबाई म्हणत. त्या राक्षसांना मिळालेलं बक्षीस मात्र स्टेजवर जाऊन गोडबोल्याने घेतलं आणि भाषणात तिचा उल्लेखही केला नाही. तिने भर मीटिंगमध्ये त्याला जाब विचारला. पुढच्याच सोमवारी तिची बदली तळमजल्यावर झाली. वरचा अख्खा मजला जपानी आवृत्तीचा. परदेशी आवृत्तीला ही खोली, जिच्यात प्रदर्शनांतले जुने पुठ्ठ्याचे योद्धे भिंतीला टेकवून ठेवले होते. एकाचं डोकं गायब होतं.

नवरा म्हणाला, सोड ती नोकरी. ती म्हणाली, त्याला नाक घासायला लावल्याशिवाय सोडणार नाही.

उपाय सोपा होता. परदेशी आवृत्ती सुरू झाली की पडद्यावर पहिलं नाव गोडबोल्याचं यायचं. काहीच करायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. अपडेट महिनोन्‌महिने रखडू द्यायचे. भाषांतरं अर्धवट सोडायची. जगभरातले खेळाडू त्याच्या नावाने बोटं मोडू लागले. कुणी त्याचं चित्र काढून गाढवाचे कान लावले. ते चित्र तिने मोठं करून बिनडोक्या योद्ध्याच्या मानेवर चिकटवलं, आणि सकाळी आल्या आल्या त्याच्याकडे बघितलं की तिला मनात आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. ट्रकवाल्याचं पत्र आलं की तेवढ्यापुरता चहा कडू लागायचा. मग ती योद्ध्याकडे बघायची आणि ठरलेलं उत्तर पाठवायची. थोडे दिवस कळ काढ बाबा, एकदा याचं उट्टं निघू दे, असं ती मनात म्हणायची.

वार्षिक मीटिंगला ती ठेवणीतली साडी नेसून गेली. म्हातारे मालक समोर बसले होते. त्यांचा परदेशी आवृत्तीवर जीव होता, ती बंद करायचा विषय निघाला की ते उठून जायचे. आज पडद्यावर आकडे आले, शिव्यांचा पाऊस आला, गाढवाचे कानही आले. मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. आता याची गच्छंती, असं मनाशी म्हणत ती पुढे सरकून बसली.

गोडबोल्या शांतपणे उभा राहिला. आपण प्रयत्नांची शिकस्त केली, पण परदेशातल्या लोकांना आपल्या खेळाची गोडीच नाही, असं त्याने जड आवाजात सांगितलं. मालकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी ती आवृत्ती दोन महिन्यांत बंद करायला परवानगी दिली, आणि त्या आवृत्तीचा सगळा पैसा गोडबोल्याच्या नव्या खेळाला वळवला.

बाहेर लिफ्टपाशी त्याने तिला गाठलं.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिले," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला खाली बसवलं असतं तर त्याने जीव ओतून काम केलं असतं आणि हे परदेशी आवृत्तीचं लचांड आणखी दहा वर्षं माझ्या गळ्यात राहिलं असतं. तुम्ही माझ्यावर डूख धरून बसाल आणि कशाला हात लावणार नाही, याची मला खात्री होती."

लिफ्ट आली. तो गेला. ती जिन्याने उतरली.

खोलीत येऊन तिने पुलाची दुरुस्ती खेळात चढवली. मग ट्रकवाल्याला पहिल्यांदाच स्वतःच्या शब्दांत लिहिलं, की पूल दुरुस्त झाला आहे, उशिराबद्दल माफ करा. गाढवाच्या कानांचं चित्र तिने ओरबाडून काढलं. योद्धा पुन्हा बिनडोक्याचा झाला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "पूल चालतोय, जाऊन आलो. खेळ बंद होणार असल्याची सूचनाही वाचली. मुलगी हल्ली दुसराच खेळ खेळते, पण या रविवारी बोलावून बघतो. आमच्यासाठी तुम्ही वरच्यांशी बरंच भांडला असाल. मनाला लावून घेऊ नका. तुमच्या हातात असतं तर तुम्ही पहिल्याच आठवड्यात केलं असतं."