धोका कमी

"रिकामा डबा कसा देऊ, ताई? मूठभर मूग टाकले फक्त."

कस्तुराबाईंनी स्टीलचा डबा पुढे केला. मागच्या खेपेला वैजयंती तो त्यांच्या ओसरीवर विसरून गेली होती. आता धनजच्या शिवारात, तुरीच्या बांधावर बसून तिने झाकण उघडलं, मूग त्यांच्याच पदरात ओतले आणि डबा पिशवीत टाकला. वैजयंती सेंद्रिय शेतांची तपासणी करायची. ज्याचं शेत तपासायचं त्याच्याकडून दाणाही घ्यायचा नाही, असा तिच्या कार्यालयाचा दंडक होता. दंडक तिने पाळला, पण कस्तुराबाईंचा पडलेला चेहरा पाहून तिला उगाच चोरट्यासारखं झालं.

"बरं नाही केलं तुमी," एवढंच त्या म्हणाल्या.

मूग हा काही आजचा प्रश्न नव्हता. कस्तुराबाईंच्या तुरीच्या पानांत कीटकनाशकाचा अंश सापडला होता. तीन वर्षं त्यांनी शेतात रसायनाचा थेंब पडू दिला नव्हता, आणि यंदा सेंद्रियचं प्रमाणपत्र हाती यायचं होतं. आता वैजयंतीने एकच ठरवायचं होतं. औषध नकळत आलं, की जाणूनबुजून मारलं? नकळत आलं असेल तर यंदाची तूर तेवढी साधी म्हणून विकली जाईल आणि शेत टिकेल. जाणूनबुजून मारलं असेल तर शेत बाद, तीन वर्षं पाण्यात, आणि वर गावभर कस्तुराबाई खोटारडी.

नकळत आलं म्हणायला ती एका पायावर तयार होती. पण आलं कुठून? वारा या शेताकडून शेजारच्या शेताकडे वाहत होता. मध्ये ज्वारीचा चांगला रुंद पट्टा होता. पाणी स्वतःच्या विहिरीचं. बरं, बाईनेच मारलं म्हणावं, तर समोर हिरव्या अळ्या पाहुण्यासारख्या आरामात शेंगा खात होत्या. औषध मारलं म्हणावं तर अळी जिवंत, नाही म्हणावं तर पानात औषध. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 

आणि हे शेत 'धोका कमी' असं ठरवलं होतं कोणी? तिनेच, मागच्या खेपेला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं ऐकून. तिने तेच प्रश्न पुन्हा सुरू केले. हरवलेली किल्ली माणूस त्याच खिशात पुन्हा पुन्हा शोधतो, तसं.

"काकू, तुम्ही दुसऱ्याचा फवारणीचा पंप वापरता का?"

"कायले वापरू? माहा सोताचा हाय. त्यात दशपर्णीबिगर काही भरत नाही मी."

दशपर्णी म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेला काळा, उग्र अर्क. त्याला परवानगी होती.

"शेजाऱ्याशी भांडण?"

"दौलतराव भाऊसंग? देवमानूस हाय तो. मले ताप आला तं माही म्हैस त्यायनं दोहली."

भांडखोर शेजारी रागाच्या भरात काहीही करतो, हे कार्यालयातल्या शहाण्या लोकांचं म्हणणं. म्हणून भांडण असेल तर धोका जास्त, गोडी असेल तर कमी. इथे तर नुसती साखर होती. वैजयंतीने डोळे मिटून घेतले. सगळी उत्तरं बरोबर होती आणि तूर मात्र चूक होती. म्हणजे ही बाई आपल्या तोंडावर खोटं बोलत असणार. दुसरं काय उरतं? तिला वाईट वाटलं, रागही आला, आणि नेमका कशाचा ते कळेना. तिने पेन काढलं. 'जाणूनबुजून' या शब्दापुढे खूण करायची राहिली होती.

"शाली, पंप घे," ज्वारीच्या पट्ट्यातून आवाज आला.

दौलतराव पाठीवर फवारणीचा पंप घेऊन येत होते. डोक्याला गमछा, तोंडभर हसू. कस्तुराबाईंना ते धाकट्या बहिणीसारखं घरच्या लाडक्या नावाने हाक मारायचे.

"तो तुमचा पंप?" वैजयंतीने चमकून कस्तुराबाईंना विचारलं.

"माहाच. त्यायचा बिघडला तवापासून नेतात."

"आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तुमी काय इचारलं? दुसऱ्याचा वापरता काय? मी नाही म्हटलं. माहा कोन नेते, हे कोनी इचारलं?"

वैजयंतीने कागदावरचे प्रश्न पुन्हा वाचले. खरंच, कोणी विचारलं नव्हतं.

"पन ते धुऊन देतात, ताई," कस्तुराबाई घाईने म्हणाल्या. "मंग मी आत पाहाले बी जात नाही, वरून दशपर्णी ओतली का झालं."

"तं काय," दौलतराव म्हणाले. "राखेनं खसाखसा घासतो. हिची शेती चोखी हाय, मले ठाऊक नाही काय?"

म्हणजे पंपही स्वच्छ. आत्ता कुठे गाठ सुटत होती, ती पुन्हा बसली. दौलतरावांनी खांद्याचे पट्टे सोडले आणि पंप बांधावर टेकवला. आत काहीतरी डचमळलं.

कस्तुराबाईंनी पंपाकडे पाहिलं. वैजयंतीनेही पाहिलं.

"काका, धुतला ना? मग आत काय आहे?"

दौलतराव संकोचले. दिलेलं बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

"काही नाही वो. दर खेपेले ठेवतो तशी थोडी दवाई हाय. हिची तूर अळी खाऊन राह्यली, पाहवत नाही मले," ते खाली मान घालून म्हणाले. "अन् शेजाऱ्याचं भांडं, ताई. कितीबी घासून देल्लं, तरी रिकामं कसं देऊ?"