म्हशीची प्रार्थना

गुडघे साथ देईनात, म्हणून कुंडलच्या मार्थाकाकूंनी म्हैस धुळाला विकली. धुळानं पेंड घातली, पाठ थोपटली, कपाळाला बिरोबाचा भंडाराही लावला. पण म्हैस काही पान्हा सोडेना. रिकामी बादली घेऊनच तो काकूंच्या दारात उभा राहिला.

"आवं काकू, तुमची म्हस परत घ्या!"

काकू हसल्या. "अरं, मी रोज प्रार्थना म्हणत धार काढायची. तिला तीच सवय हाय. प्रभूचं नाव घे आन् सगळ्यांसाठी माग. फकस्त बादली भरंस्तवर आमेन म्हणू नगंस. आमेन ऐकलं की ती आखडती."

दुसऱ्या दिवशी धुळानं डोळे मिटून सुरुवात केली. घरच्यांसाठी मागून झालं, सासूसाठी झालं, एक सोडून सारी भावकी संपली. बादली अजून अर्धीच होती. मग नाइलाजानं त्यानं बांध कोरणाऱ्या चुलतभावासाठीही मागितलं, "प्रभू, त्येचंबी भलं कर."

काकूंच्या चर्चचे पाळकसाहेब ते ऐकून गोठ्याच्या दारातच थबकले. हात जोडून ते मोठ्यांदा म्हणाले, "आमेन!"

म्हशीनं पान्हा आखडला आणि लाथेसरशी बादली उलथली.



"सायेब," सांडलेल्या दुधाकडं बघत धुळा कळवळला, "त्येचं भलं झालं, माझं ऱ्हायलं की वं!"